जिताडा कसा धरावा आणि धरल्यावर कोणाला सांगू नये

हे मार्गदर्शन ज्यांनी आजवर एकही मासा धरलेला नाही अशांसाठी आहे. ज्यांनी धरलाय ते असलं काही वाचत बसत नाहीत. ते ह्या वेळेला खाडीवर असतात. लेखकाची पात्रता आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. खारेपाटात आजोळ, चाळीस वर्षांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या, तेवढेच गणपती, आणि स्वतः धरलेले जिताडे एकूण दोन. त्यातल्या एकाच्या वेळी दोरी मामाच्या हातात होती.

खारेपाट म्हणजे रायगड जिल्ह्यात पेण आणि अलिबागच्या मधला, धरमतरच्या खाडीला लागून असलेला सपाट मुलूख. मातीचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा आणि आत भात लावायचं, असा इथला पिढ्यान् पिढ्यांचा करार आहे. समुद्र तो अधूनमधून मोडतो. १९३३ साली इथल्याच चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला, तो सहा वर्षं चालला. सहा वर्षं भात लावायचं नाही म्हणून बसायला माणसाच्या घराजवळ खाडी असावी लागते, असं माझं आपलं मत आहे. इतिहासकारांनी ते मनावर घेऊ नये.

आधी मासा ओळखा

जिताडा हा एकच मासा गावोगावी नाव बदलून फिरतो. गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी. ह्या शेवटच्या नावाचा अर्थ तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘मोठ्या खवल्यांचा नदीतला मासा’. मुंबईतल्या महागड्या हॉटेलात शिरताना तो ‘एशियन सीबास’ होतो आणि बिलात त्याचा वेगळाच मान राहतो. शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. १७९० साली ब्लॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने ते दिलं. कॅल्कॅरिफर म्हणजे आर बाळगणारा. घोड्याला टोचतात तसली आर. ही आर कल्ल्याच्या झाकणाजवळ असते. तिच्याविषयी पुढे, कारण तिची आणि माझी ओळख झालेली आहे.

दिसायला अंग चंदेरी, पाठ करड्या-हिरव्या झाकेची. कपाळावर खोलगट उतार आणि मग पाठीचा उंचवटा. खालचा जबडा पुढे, त्यामुळे मासा कायम काहीतरी ऐकून न पटल्यासारखा दिसतो. शेपूट दुभंगलेली नसते, पंख्यासारखी गोल असते. रात्री बॅटरी मारली की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. हे सगळं पाठ करा आणि बाजारात कातडी काढलेली, पांढरी, चौकोनी तुकडी जिताडा म्हणून कोणी पुढे केली तर नमस्कार करून पुढच्या पाटीकडे जा. कातडी आणि डोकं नसलेल्या माशाला कोणतंही नाव चालतं.

आता एक नाजूक गोष्ट. जिताडा जन्मतो नर म्हणून आणि काही वर्षांनी, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे थोराड जिताडे बहुतेक सगळे बायका. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या नद्या-खाड्यांत ५८ सेंटिमीटरहून छोटा आणि १२० सेंटिमीटरहून मोठा बारामंडी घरी नेता येत नाही, परत सोडावा लागतो. छोटा अजून वाढायचाय म्हणून, आणि मोठी असते ती अंडी देणारी म्हणून.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो तळ्याच्या काठावर विडी ओढत बसला होता. त्याच्या तळ्यात पाचेक वर्षांचा एक जुनाट जिताडा होता, मामा त्याला ‘पाटील’ म्हणायचा. मामाने विडी विझवली. पाण्याकडे बराच वेळ बघितलं.

“म्हंजे यो पाटील न्हाय? म्हातारी हाय?”

त्या दिवसापासून तिचं नाव आजी. हे नाव लक्षात ठेवा.

साहित्य

नवशिका असतो तो आधी दुकानात जातो. मीही गेलो. काचतंतूची काठी, चकचकीत रीळ, आणि प्लास्टिकचा एक मासा, ज्याच्या पोटात छर्रे असतात आणि जो खऱ्या माशाहून देखणा दिसतो. हे सगळं पाठीला लावून मी आजोळच्या एसटीतून उतरलो तेव्हा मामा म्हणाला, “यो गल हाय का टीव्हीचा अँटेना?” परदेशी लोक असल्याच खोट्या माशांवर मोठाले बारामंडी धरतात, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, तिकडचं म्हावरं शिकलेलं असंल.

मामाचं साहित्य असं: पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला जाडा तंगूस, त्याला एक दणकट गळ, आणि गळाच्या वर हातभर अंतरावर शिशाचा तुकडा. आमिष जिवंत हवं. बोईट सगळ्यात चांगलं, नाहीतर मोठी कोळंबी. बोईट पाठीतून हलकंच टोचायचं, कण्याला लागू द्यायचं नाही, म्हणजे ते पोहत राहतं. ते पोहत राहणं हीच जिताड्याला चिठ्ठी असते.

जिताड्याला वाघासारखे सुळे नसतात. तोंडात हात घातला तर आत पॉलिशपेपरसारखं खरखरीत लागतं, बाकी काही होत नाही. धोका सगळा बाहेरून. कल्ल्याचं झाकण कडेला पात्यासारखं धारदार असतं आणि मासा गळाला लागला की डोकं झटकून तेच पातं तंगुसावर चालवतो. म्हणून तंगूस जाड घ्यायचा. आणि मासा हातात आल्यावर उत्साहाच्या भरात त्याच्या कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तीन टाके आहेत. खालचा ओठ अंगठ्याने चिमटीत धरावा, हे मला चौथा टाका पडू नये म्हणून नंतर सांगण्यात आलं.

वेळ

कालनिर्णय घ्या. भविष्याचं पान सोडा, तिथी बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती. दुपारी तीच आणि पहाटेही तीच. अष्टमीला सहा. खाडीत आत जावं तसं थोडं उशिरा धरायचं. आमच्याकडे पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला, पण बांधावरून गेला नाही.

जिताड्यासाठी पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया बघावी. उधाणाचे दिवस. द्वितीयेला रात्री दीडला भरती, मग पाणी फिरतं आणि पहाटे चारपासून ओहोटी धावायला लागते. तुम्ही तेव्हा जागेवर असलं पाहिजे. म्हणजे तीनला उठायला हवं. अष्टमीच्या भांगात पाणी नुसतं डुलत राहतं. त्या दिवसांत झोप पूर्ण करावी.

जागा

बांधाला ठिकठिकाणी उघाडी असते. उघाडी म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं दार. लाकडी झडप वरून टांगलेली असते. भरती आली की बाहेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून उघडतं. वीज नाही, वॉचमन नाही, दर सहा तासांनी दार आपलं आपण चालतं. ते उघडलं की शेतातली कोळंबी, बोईटं, बारकं म्हावरं पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाहेर फेकलं जातं. आणि बाहेर, खांबाच्या सावलीत, एकही पर न हलवता जिताडा उभा असतो. तो शिकारीमागे धावत नाही. तोंड उघडतो, पाणी आत ओढतो, पाण्याबरोबर बोईट जातं. वर फक्त ‘टप्प’ असा आवाज येतो, चिखलात नारळ पडावा तसा.

हा आवाज ऐकू येईपर्यंत तुम्हाला काही काम नाही. चिखलात गुडघ्यापर्यंत उभं राहायचं. तिवरांचा कुजकट वास नाकात जाऊ द्यायचा, तासाभराने तो कळेनासा होतो. उजाडायला लागलं की निवट्या डोळे वटारून चिखलावर चालायला लागतात आणि तुमच्या पायाकडे असं बघतात की जणू तुम्हीच पाण्यात जायला विसरलात.

धरणे

हा भाग सगळ्यात थोडा वेळ चालतो, म्हणून थोडक्यात.

टप्प झालं. माझ्या बोटाभोवतीचा तंगूस एकदम गरम झाला. मी ओढला. मामा ओरडला, “वढू नको, जाऊ दे त्याला!” पण जे आपल्याला हवं ते जाऊ देणं हे पुण्यात राहणाऱ्या माणसाला लगेच जमत नाही. पुढच्या क्षणी मासा पाण्याबाहेर होता, पूर्ण, शेपटीसकट, आणि डोकं असं झटकत होता की कल्ल्यांची फडफड ऐकू आली. तंगूस सैल झाला. गळ परत आला, सरळ झालेला, त्याच्यावर नखाएवढं एक चंदेरी खवल.

“गल टाकलास का कपडे वालत घातलंस?” मामा म्हणाला.

म्हणून नियम असा: पहिल्या धावेला दोरी द्यायची. तो वळला की घ्यायची. उडी मारायला वर येतोय असं दिसलं, की तुम्ही खाली वाकायचं आणि दोरी पाण्याला समांतर ठेवायची, म्हणजे डोकं झटकायला त्याला जोर मिळत नाही. तिसऱ्या-चौथ्या धावेनंतर तो कुशीवर येतो. तेव्हा घाई करायची नाही. ही घाई न करण्याची गोष्ट मी दुसऱ्या वर्षी पाळली आणि दोन किलो शंभर ग्रॅमचा जिताडा बांधावर आणला. पुढे कल्ल्यात बोटं घातली, ते वर आलंच आहे.

धरल्यावर

खरं मार्गदर्शन इथून सुरू होतं. मासा धरणं सोपं आहे. तो घरापर्यंत नेणं अवघड.

उघाडीपासून मामाच्या घरापर्यंत अंतर अर्धा मैल, वाटेत एकवीस घरं. बोईट नेणाऱ्याला कोणी विचारत नाही. जिताडा नेणाऱ्याला सगळे विचारतात, आणि ‘केवढा’ हा प्रश्न दुसरा असतो. पहिला असतो ‘कोणासाठी?’ मामाने माझा मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला, वर चार चिंबोऱ्या टाकल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, “भाच्यानं चिंबोऱ्या धरल्यान.” हाताला फडकं बांधलेलं बघून सगळ्यांना ते पटलं.

कारण असं की आमच्या भागात जिताडा हा नुसता मासा राहिलेला नाही. तो अर्जाला जोडायचा कागद आहे. त्याचं वजन आणि कामाचं वजन जुळावं लागतं. दीड किलोचा असेल तर दाखला, उतारा असली किरकोळ कामं. तीन किलोला मोजणीची तारीख लवकर मिळू शकते. पाच किलोच्या वर गेला तर तो बर्फाच्या पेटीतून जिल्ह्याबाहेर जातो. कुठे, ते विचारायचं नसतं. मधल्यामध्ये सोयरिकी, डॉक्टर आणि शाळाप्रवेश आहेत. पापलेट दिलं तर लोक आभार मानतात. जिताडा दिला तर लक्षात ठेवतात. त्यामुळे खारेपाटात जिताडा धरणारे पुष्कळ आणि जिताडा खाणारेही पुष्कळ, पण ती माणसं वेगवेगळी.

खाडीतले जिताडे कमी झाल्यावर लोकांनी तळ्यांचा आधार धरला. इथल्या शहापूरकडे घराशेजारी असली तळी पुष्कळ दिसतील. ज्यांना पहाटे तीनला उठवत नाही त्या नवशिक्यांनी हाच मार्ग घ्यावा. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जिताड्यांची वीण होते आणि भरतीबरोबर बोटाएवढी पिल्लं ओहोळांतून, भातखाचरांतून वर येतात. पोरं ती आसूच्या जाळ्याने गोळा करतात. पिल्लं तळ्यात सोडायची, आणि वाट बघायची.

फक्त मोजायची नाहीत. मी एकदा कौतुकाने वीस पिल्लं बादलीत ठेवली आणि झोपलो. सकाळी अकरा होती आणि त्यातल्या दोघांच्या तोंडातून भावंडाची शेपटी बाहेर. जिताडा आपल्या निम्म्या लांबीहून मोठं पिल्लूही गिळतो, फक्त तोंडात मावलं पाहिजे. म्हणूनच शास्त्रशुद्ध पालन करणारे सारख्या मापाची पिल्लं वेगवेगळी काढत राहतात. चेन्नईच्या ‘सीबा’ ह्या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचं बीज हौदात तयार करून दाखवलं, तेव्हापासून बीज विकत घेऊन, निवडून पाळायची सोय झाली. मामाला मी हे सांगून पाहिलं. त्याचं म्हणणं, जे उरतील ते खाऊनच उरतील, मग निवडायचं काय?

त्याच्या तळ्यात साठ सोडली तर चार-पाच उरायची. आजी अशीच उरलेली.

रांधणे

आता मूळ विषय. मामाच्या आजोबांच्या नावावरची बांधालगतची जमीन वारसांच्या नावावर चढत नव्हती. फेरफार तालुक्याच्या एका कचेरीत अडकला होता, का ते कोणी सांगत नव्हतं. दोन वर्षं मामाने बोईटं नेऊन पाहिली. शेवटी एका सकाळी तो पाग घेऊन तळ्यात उतरला. तीन वेळा पाग रिकामा आला. चौथ्यांदा आला तेव्हा मामा पाण्यातच खाली बसला. आजी सहा किलो भरली. तिला काठावर ठेवल्यावर मामीने पदर डोळ्याला लावला आणि लगेच म्हणाली, “बरफ आना रं कुनीतरी.”

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. घरच्या बाईसाहेब देशावरच्या, त्यांना आख्खा मासा बघवत नाही. साफ करून, तुकड्या करून आणा. आणि डोकं नको.

फोन ठेवल्यावर मामा-मामी एकमेकांकडे बघत राहिले. डोकं नको!

तर आता मुंडक्याचं कालवण. खवल आधी काढावं, अंगणात. मोठी खवलं उडून केसांत बसतात आणि दोन दिवसांनी कचेरीत सापडतात. कल्ले काढून टाकायचे. मुंडकं कोयत्याने उभं चिरून दोन भाग करायचे, गळ्याखालचं मांस त्याला राहू द्यायचं. साहेबांच्या तुकड्यांत ते जाऊ नये म्हणून मामीचा कोयता थोडा मागे सरकला हे मी पाहिलं, पण बोललो नाही. मीठ आणि हळद चोळून पाऊण तास ठेवायचं. टोपात तेल तापवून दहा-बारा लसूणपाकळ्या सालीसकट ठेचून टाकायच्या. लाल व्हायला लागल्या की आगरी मसाला. किती, ते मामीला विचारलं तर ती चार बोटं एकत्र करून दाखवते. मसाला करपायच्या आत चिंचेचा कोळ आणि पाणी. खळखळून उकळी आली की मुंडकं सोडायचं, वर दोन मिरच्या मोडून आणि मूठभर कोथिंबीर. खोबऱ्याचं वाटण नको. जिताड्याच्या डोक्यात स्वतःचीच चरबी असते, ती रश्श्यावर तांबूस थेंबांनी तरंगते, वाटण घातलं की ती दिसत नाही.

एकदा मुंडकं सोडलं की पळी घालायची नाही. टोप दोन्ही कडांनी फडक्यात धरून गोल हिसका द्यायचा. आठ-दहा मिनिटं. झाकण अर्धं. खाली उतरवून तासभर तसंच ठेवावं. रस्सा आत शिरतो. हा तास सगळ्यात लांब असतो. साहेबांकडे गेलेली मोटरसायकल परत यायला बरोबर तेवढाच लागला.

तुकड्या असतील तर त्यांना नुसता मसाला, मीठ, चिंच लावून रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर तळाव्यात, कातडीची बाजू आधी. हे सगळ्यांना येतं. साहेबांकडे बहुतेक त्याचं काहीतरी ग्रेव्हीत केलं असणार. त्याबद्दल न बोललेलं बरं.

मुंडकं खायला तांदळाची भाकरी आणि अलिबागचा पांढरा कांदा. ह्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मामी मात्र तो पूर्वीसारखाच बुक्कीने फोडते. चमचा चालत नाही. आधी गालाचं मांस, रुपयाएवढं, नुसत्या बोटाने निघतं. मग टाळूखालचा लिबलिबीत भाग, तो लहान मुलांना देत नाहीत. मोठ्यांना पुरत नाही म्हणून. शेवटी डोळा. डोळ्याभोवतीचं चोखायचं आणि आतला पांढरा गोळा बाजूला ठेवायचा. तो शिजल्यावर खडूसारखा टणक होतो, दाताला लागतो. आजीचे दोन होते. एक मामाने खिशात टाकला. का, ते मी विचारलं नाही.

फेरफाराचं विचाराल तर साहेबांनी फाईल टेबलावर घेतली होती, हे खरं आहे. गणपतीनंतर त्यांची बदली झाली. नवीन साहेब आले त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे शिपायाने मामाला फोनवर सांगितलं.

मामा जेवत होता. त्याने फोन खाली ठेवला आणि मामीला विचारलं, “आपल्या मागल्या परड्यान वांगी कितीसी हायेत गं?”